गाडीला माणूस लागतो का?

वार्षिकांकासाठी लेख मागविताना सरांनी सूचनाफलकावर ‘विषयाचे बंधन नाही’ असे लिहिले होते. त्याचा मी थोडा गैरफायदा घेत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कवितेवर लिहावे, दुष्काळावर लिहावे, फार झाले तर निवडणुकीवर लिहावे अशी आपली रीत आहे. मोटारींवर लिहायचे ते इंजिनिअरिंगच्या मुलांनी. पण माझा नाइलाज आहे. माझे वडील मोटारी दुरुस्त करतात. आमच्या घरात पुस्तके आली ती माझ्याबरोबर, गेल्या दोन-तीन वर्षांत. त्यापूर्वी घरात छापील कागद असे तो स्पेअर पार्टच्या खोक्यांवरचा. त्यामुळे ज्या एका विषयावर मी लहानपणापासून चर्चा ऐकत आलो, वादविवाद ऐकत आलो, आणि कधी कधी शिव्याही ऐकत आलो, तो विषय मोटार हाच आहे. सॉनेट म्हणजे काय हे मला बारावीत समजले. क्लचप्लेट म्हणजे काय हे तिसरीत.

आमचे गॅरेज जालना रोडच्या मागच्या गल्लीत आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचे शेड, दोन गाड्या आत आणि तीन बाहेर लिंबाखाली. रविवारी सकाळी तिथे एक सभा भरते. सभेला अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच. चहा मात्र आहे. एक दंतवैद्य येतात, जालन्याचे एक बियाण्यांचे व्यापारी येतात, एक निवृत्त प्राध्यापक येतात (आपल्या महाविद्यालयाचे नव्हेत, कुणी अंदाज बांधू नयेत) आणि वाळूजचा एक तरुण कारखानदार येतो. पहिल्या तिघांना जुन्या, वेगवान आणि ‘हातात बोलणाऱ्या’ गाड्यांचे वेड आहे. चौथ्याकडे नवी गाडी आहे. वादाचा विषय गेली तीन वर्षे एकच आहे: जुनी दमदार सेडान खरी की नवी?

हा वाद श्रीमंतांचा रिकामा उद्योग आहे असे मला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही, तेच या लेखात सांगायचे आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांना मोटार म्हणजे चार चाके आणि हॉर्न एवढेच ठाऊक असेल. वाद ज्या गाडीवरून चालतो ती आपल्या गावाची आहे, निदान आपल्या गावात जोडली गेलेली आहे. स्कोडा ही मूळची झेक कंपनी. म्लादा बोलेस्लाव्ह या गावी लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ साली सायकलींपासून सुरुवात केली, त्यातून ती वाढली. ऑक्टाव्हिया हे नाव त्यांनी प्रथम १९५९ मध्ये एका गाडीला दिले. १९९१ मध्ये कंपनी जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेली, आणि २००१ मध्ये शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हिया जोडण्यास सुरुवात झाली. तेव्हा आपले शहर औरंगाबाद होते. वडील सांगतात, शेंद्र्याच्या रस्त्याला नंबर प्लेट नसलेल्या नव्या गाड्या चाचणीला निघत, तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसे कप खाली ठेवून बघत राहत.

या ऑक्टाव्हियाची ‘आरएस’ नावाची एक वेगवान आवृत्ती २००४ साली भारतात आली. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे चारांचे मिळून वीस, त्यावर टर्बो, ताकद १५० अश्वशक्ती, आणि गिअर हाताने टाकायचे, पाच. आपल्याकडे टर्बो लावलेली पेट्रोल गाडी तेव्हा फारशी कुणी पाहिली नव्हती. दंतवैद्यांकडे तीच आहे.

आता याच नावाची पुढची वंशावळ पाहा. २०१७ मध्ये आली ती २३० अश्वशक्तीची. २०२० मध्ये आली ती २४५ ची. भारतासाठी फक्त २०० नग, किंमत सुमारे ३६ लाख. तरुण कारखानदाराकडे ही आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात आली ती २६५ अश्वशक्तीची. फक्त १०० नग, किंमत जवळजवळ ५० लाख, शून्यापासून शंभराचा वेग ६.४ सेकंदांत. या तिन्हींत डाव्या पायाला काम नाही. गिअर गाडीच बदलते. (या गाडीला सेडान म्हणावे का, असाही एक उपवाद सभेत आहे, कारण डिकीचे झाकण मागच्या काचेसकट वर उघडते. प्राध्यापकांच्या मते ही सेडानच नव्हे. त्यांचे कुणी ऐकत नाही.)

आकड्यांनी वाद मिटत असता तर तो केव्हाच मिटला असता. २६५ हे १५० पेक्षा जास्त आहेत, हे दंतवैद्यांनाही कळते. तरी ते आपली वीस वर्षांची गाडी सोडायला तयार नाहीत.

आणि हे आपल्याच गल्लीत चालले आहे असेही नाही. साऱ्या जगातल्या मोटारवेड्यांत हाच वाद आहे. बीएमडब्ल्यूची ‘एम-५’ ही या जातीच्या गाड्यांची थोरली समजली जाते. १९९८ साली तिची जी आवृत्ती आली, तिला ४.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते, ४०० अश्वशक्ती होती, सहा गिअर होते आणि ते हातानेच टाकावे लागत. दुसरा पर्यायच नव्हता. वजन सुमारे १,८०० किलो. २०२४ च्या एम-५ ला ७२७ अश्वशक्ती आहे, इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार आहे, बॅटरी आहे, आणि वजन २,४०० किलोंच्याही वर गेले आहे. मधल्या एका आवृत्तीत, २०११ सालच्या, गाडी इतकी निःशब्द झाली की इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून चालकाला ऐकवण्याची सोय करावी लागली! हे प्रथम ऐकले तेव्हा मला खोटे वाटले होते. स्वयंपाक चालू आहे हे कळावे म्हणून घरात फोडणीच्या वासाची अगरबत्ती लावण्यासारखे आहे हे.

मर्सिडीजच्या ‘सी-६३’ चे तर आणखी वेगळे झाले. २००७ मध्ये तिला सव्वासहा लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते. २०२२ मध्ये त्याच नावाची नवी गाडी आली ती दोन लिटरच्या चार सिलिंडरची, जोडीला विजेची मोटार. ताकद पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त, ६८० अश्वशक्ती. तरी मूळ चाहते रुसले. त्यांना ताकद कमी पडली नव्हती. काहीतरी दुसरेच हरवले होते.

ते ‘दुसरे’ काय, हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे.

सभेत यासाठी वेगवेगळे शब्द वापरले जातात. दंतवैद्य ‘मजा’ म्हणतात. व्यापारी ‘जान’ म्हणतात. प्राध्यापक ‘संवाद’ म्हणतात, कारण ते प्राध्यापक आहेत. माझे वडील काहीच म्हणत नाहीत. ते गाडीखाली असतात. मी या तिन्ही शब्दांचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, आणि मला तीन जागा सापडल्या.

पहिली जागा स्टेअरिंग. जुन्या ऑक्टाव्हियात स्टेअरिंगला मदत करायला तेलाच्या दाबाची रचना होती. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरे, तो तेलाला दाब देई आणि चाक वळवणे हलके होई. पण चाक आणि हात यांच्यात लोखंडाचा आणि तेलाचाच संबंध असल्याने रस्त्यावरची खडी, ओल, उतार यांची थोडी थोडी बातमी हातापर्यंत पोचत असे. नंतरच्या गाड्यांत या कामाला विजेची मोटार आली. तिची मदत किती द्यायची हे संगणक ठरवतो, आणि बातमी कोणती पोचू द्यायची हेही जवळजवळ तोच ठरवतो. चालकाचा आनंद मारावा म्हणून कुणी हा कट केला असे मात्र नव्हे. तेलाचा पंप गाडी सरळ चालली असतानाही सतत फिरतो आणि पेट्रोल खातो. विजेची मोटार वळतानाच वीज घेते. शिवाय गाडीने स्वतःहून आपल्या पट्ट्यात राहावे, स्वतःहून जागेत लागावे, असे हवे असेल तर विजेचे स्टेअरिंगच लागते. कारणे सगळी रास्त आहेत. बातमी तेवढी बंद झाली.

दुसरी जागा गिअर. नव्या आरएसमध्ये दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसऱ्यात गाडी धावत असते तेव्हाच चौथा तयार असतो, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत बदल होतो. कोणताही माणूस, मग तो कितीही तरबेज असो, इतक्या वेगाने गिअर टाकू शकणार नाही. येथे माणूस हरला आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

तिसरी जागा टर्बो. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्की फिरते आणि ती इंजिनात जास्त हवा कोंबते, हे त्याचे सूत्र. जुन्या टर्बोला जोर यायला वेळ लागे. पाय दाबला की गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी होई आणि मग एकदम धावे. नव्या गाडीत हा विचार जवळजवळ संपला. दोष गेला, हे चांगलेच झाले. पण त्या दोषावर मात करण्याचे जे कसब होते, वळण संपण्याच्या आधीच पाय दाबून ठेवायचा म्हणजे सरळ रस्ता लागेपर्यंत टर्बो जागा होतो, हे जे कळणे होते, त्याला आता किंमत उरली नाही.

मी दोन्ही गाड्यांतून गेलो आहे, म्हणून हे ऐकीव लिहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात दंतवैद्यांच्या गाडीचे क्लचचे काम झाले, आणि चाचणीसाठी आम्ही तिघे कन्नडच्या पुढे औट्रम घाटात गेलो. घाट उतरताना डॉक्टरांनी चालवली. खाली गेल्यावर ते म्हणाले, “चल, चढताना तू घे.” अण्णा मागच्या सीटवर होते. त्यांना हे पसंत नव्हते. दुसऱ्याची वस्तू हाताळताना आपले हात कसे असावेत याबद्दल त्यांची मते फार कडक आहेत. पण ग्राहकापुढे ते बोलत नाहीत. माझ्याकडे परवाना होता, अनुभव होता तो व्यापाऱ्यांच्या टेम्पोचा.

पहिल्या दोन वळणांवर मी चुकलो. चौथ्यातच राहिलो, गाडी दमली, टर्बो झोपला, आणि मी घाबरून पाय आणखी दाबला. अण्णा मागून एवढेच म्हणाले, “ऐक तिचं.” मी तिसरा टाकला. पुढच्या वळणावर जरा लवकर पाय दाबला. चाकाखालची बारीक वाळू मला तळहाताला लागल्यासारखी वाटली. मग गाडी अशी काही उचलली की मी मोठ्याने हसलो. वेग किती होता म्हणाल, तर साठ. साठच! एसटीसुद्धा साठाने जाते. पण त्या साठात माझे दोन्ही हात, दोन्ही पाय, कान आणि पाठ एवढे सगळे कामाला लागले होते. वर पोचलो तेव्हा थंडीतही शर्ट भिजला होता. परीक्षेचा पेपर चांगला गेल्यावरही मला इतके बरे वाटलेले नाही.

नव्या गाडीतून मी समृद्धी महामार्गावर गेलो. कारखानदाराने मला माळीवाड्याजवळ चढून वैजापूरपर्यंत नेले. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. त्यावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. ती गाडी १२० पर्यंत कधी गेली ते मला कळलेसुद्धा नाही. इंजिन कुठेतरी शेजारच्या खोलीत चालू असल्यासारखे. आम्ही गप्पा मारल्या, गाणी ऐकली, आणि खरे सांगायचे तर लासूरच्या आसपास मला पेंग आली. कारखानदार म्हणाला, “बघ, काही वाटतंय का? हीच तर क्लास आहे.” त्याचे बरोबर होते. काहीच वाटत नव्हते.

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा येथेच आहे. नवी गाडी इतकी समर्थ झाली आहे की कायद्याने परवानगी असलेल्या कोणत्याही वेगाला ती झोपेतच असते. तिला जागे करायचे तर तुम्हाला तुरुंगाच्या किंवा स्मशानाच्या वाटेला जावे लागेल. जुनी गाडी साठाला जागी असते. नवी गाडी वाईट आहे असे दंतवैद्य म्हणत नाहीत. नव्या गाडीला माझी गरज नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. आणि आपली कुणाला तरी गरज आहे असे वाटणे, ही माणसाची फार जुनी भूक आहे.

आता दुसरी बाजू. ती मला झाकून ठेवता येत नाही, कारण ती आमच्या शेडमध्ये उभी राहून गेली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका ग्राहकाची जुनी गाडी ओल्या वळणावर घसरली आणि लिंबाच्या झाडावर गेली. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. चूक वेगाची होती. ग्राहकाच्या गळपट्टीचे हाड मोडले, जीव वाचला. गाडी टोचन करून आमच्याकडे आणली. तिला घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती. चारही चाकांवर लक्ष ठेवून, गाडी फिरू लागताच एखाद्याच चाकाचा ब्रेक दाबून तिला सरळ करणारी ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत प्रथम आली, आणि आता ती पुष्कळ साध्या गाड्यांतही असते. ती असती तर कदाचित लिंबाची साल शाबूत राहिली असती. त्या रविवारी सभेत ‘संवाद’ हा शब्द कुणी काढला नाही. हाताला बातमी देणारे स्टेअरिंग चांगलेच, पण बातमी कळून उपाय करायला माणसाला वेळ मिळतोच असे नाही.

आणखी एक शंका मला येते, ती मी सभेत कधी बोललो नाही; येथे छापून घेतो. दंतवैद्यांनी ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिशीत होते. व्यापाऱ्यांचेही तसेच. आपण ज्या गाडीला ‘जिवंत’ म्हणतो, त्यात गाडीचा जिवंतपणा किती आणि आपला किती? प्राध्यापकांना आजकालची नाटकेही आवडत नाहीत, आंबेही पूर्वीसारखे लागत नाहीत. हे सगळे एकाच वेळी बिघडले असेल, असे मला वाटत नाही. मात्र मी एकोणीस वर्षांचा आहे. ती गाडी भारतात आली तेव्हा मी जन्मलो नव्हतो. मला तिची आठवण येण्याचे कारण नाही. तरीही घाटात मी हसलो. म्हणून ही शंका मी अर्धीच धरतो.

पैशाची बाजू तर उघडच आहे. जुन्या गाडीवर प्रेम करायला दुसरी गाडी दारात असावी लागते. सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आले, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी दहा हजार रुपये शुल्क झाले. आमच्या गल्लीत ज्यांना गाडी हवी आहे, त्यांना सकाळी सुरू होणारी आणि मुलाबाळांना न ओकवता सासुरवाडीला नेणारी गाडी हवी आहे. त्यांना स्टेअरिंगशी बोलायचे नाही. त्यांना मी नावे ठेवणार नाही. आमच्याकडे तर मोटार नाहीच. मोटारीच्या गॅरेजवाल्याकडे एक मोपेड आहे, आणि तीही ढकलून सुरू होते.

मग मी कुणाच्या बाजूचा? येथे मला गाड्या सोडून अण्णांकडे यावे लागते.

अण्णा सातवी शिकलेले. कन्नड तालुक्यातून या शहरात आले ते हेल्पर म्हणून. त्यांचे खरे शिक्षण कानांचे आहे. गाडी ‘मिसिंग’ मारत असेल तर ते बॉनेटवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. लहानपणी मला वाटे ते देवाचे नाव घेत आहेत. एकदा एक गाडी आली, तिला दुसरीकडे स्कॅनर लावला होता, सेन्सर खराब असल्याचे त्यात निघाले होते, सेन्सर बदललाही होता. गाडी होती तशीच. अण्णांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “कुठंतरी हवा घेतीय.” रबराच्या एका पाइपला खालून चीर गेली होती. पाइप शंभरसव्वाशे रुपयांचा.

पण याच्या उलटही झाले आहे, आणि ते लिहिले नाही तर मी अण्णांचा मुलगा ठरेन, लेखक ठरणार नाही. गेल्या वर्षी एक नवी गाडी आली. मधूनच दम सोडत होती. अण्णांनी दोन दिवस ऐकले. प्लग काढून पाहिले, फिल्टर पाहिला, सगळे पाहिले. नव्या गाडीच्या इंजिनावर इतकी झाकणे असतात की तळहाताला लोखंड लागतच नाही. तिसऱ्या दिवशी ग्राहक गाडी घेऊन गेला. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावून ती अर्ध्या तासात दुरुस्त झाल्याचे कळले. त्या रात्री अण्णा जेवले, पण बोलले नाहीत. आई म्हणाली, “होतं असं.” ते म्हणाले, “हे आता होतच राहणार.”

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी मार्क्सचा परात्मभावाचा विचार शिकवला. कामगार आणि त्याचे काम यांत दुरावा येतो, त्याचे कसब यंत्रात जाते आणि तो उपरा होतो, असे काहीसे. वर्गात पुष्कळांनी ते परीक्षेपुरते लिहून घेतले. मला मात्र बॉनेटवरचा तो तळहात दिसत होता. दंतवैद्यांची तक्रार आणि अण्णांची भीती या दोन्ही एकाच खोडाच्या फांद्या आहेत. गाडीला चालकाची गरज उरली नाही, तशीच ऐकणाऱ्या मिस्त्रीचीही उरली नाही. फरक एवढाच की दंतवैद्यांचा यात रविवार जातो, आणि आमचा सोमवार ते शनिवार.

म्हणून रविवारच्या सभेतल्या रसिकांवर माझा राग आहे तोही सांगून टाकतो. नवी गाडी घेतली की ते ती गुपचूप कंपनीच्या केंद्रात नेतात. वॉरंटीचा प्रश्न असतो, त्यांचेही खरे आहे. जुनी मात्र अण्णांकडे. जुन्या गाडीचे कौतुक करताना तिच्याइतकाच जुना झालेला माणूस तिच्याखाली पाठीवर पडलेला आहे, हे त्यांच्या बोलण्यात येत नाही. ‘जान’ आहे म्हणता, ती कुणी ठेवली आहे? २००४ च्या गाडीत २०२५ साली जान आपोआप राहत नाही.

तरीही मत द्यायचेच झाले तर मी जुन्या गाडीला देईन, पण दंतवैद्यांच्या कारणासाठी नव्हे, आणि तिच्या सगळ्या दोषांसकट तर मुळीच नव्हे. घसरण सावरणारी यंत्रणा मला हवी. हवेच्या पिशव्या हव्यात. गाडीने माणसाला मरू देऊ नये, याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. पण माणसाचा जीव वाचवणे वेगळे आणि माणसाला बाजूला बसवणे वेगळे. पहिले करताना दुसरे केलेच पाहिजे असे नाही. हे करता येते याला पुरावे आहेत. २०१७ च्या एम-५ मध्ये चारही चाकांना जोर होता, पण चालकाला वाटले तर तो फक्त मागच्या चाकांवर घेता येई. २०२२ मध्ये स्लाव्हिया नावाची जी लहान सेडान चाकणहून आली, तिच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला सुरुवातीला हाताचे सहा गिअरही मिळत होते. १५० म्हणजे नेमकी दंतवैद्यांच्या गाडीची ताकद. आणि जोडीला आजच्या काळाची सुरक्षितता. कारखानदार म्हणतो, हाताचे गिअर कोण घेतो आता? खरे आहे. थोडेच घेत असतील. पण थोड्यांसाठीही दार उघडे ठेवावे, असे मला वाटते. कविता तरी किती जण वाचतात? म्हणून आपण ग्रंथालयातले ते कपाट काढून टाकलेले नाही.

वडिलांच्या बाबतीत माझ्याकडे असे तयार उत्तर नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी एक जुना स्कॅनर विकत घेतला. त्याचा पडदा लहान आहे आणि सगळी भाषा इंग्रजी. संध्याकाळी कॉलेज आटोपून मी शेडवर जातो, वायर स्टेअरिंगखालच्या खाचेत लावतो आणि पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवतो. एकेक शब्द, मग त्याचा मराठीत अर्थ. इंग्रजी मी वाचतो. पण त्या ओळीचा गाडीत अर्थ काय, हे अण्णा सांगतात. पुष्कळ वेळा मी ओळ पुरी करण्याआधीच ते पाना उचलतात. “लिहिलंय तेच, पण उगम दुसरीकडं आहे,” असे म्हणून ते भलत्याच बाजूला हात घालतात आणि दोष तिथेच निघतो. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येते ते मी घाटात अनुभवले आहे.

परवा मंगळवारी मात्र पडद्यावर एक ओळ आली, तिचा अर्थ मलाही लागला नाही आणि त्यांनाही नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला, मी शब्दकोश पाहिला. हा लेख देईपर्यंत ती गाडी शेडमध्येच उभी आहे.